गल्ला कोणाच्या हाती

फोनवर किंवा संगणकावर चालणारे अ‍ॅप लिहिणाऱ्या कंपनीला अगदी सुरुवातीलाच एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर चुकले असे पुढे लक्षात आले तरी सहजासहजी मागे घेता येत नाही: हे अ‍ॅप कोणत्या प्लॅटफॉर्मसाठी लिहायचे? प्लॅटफॉर्म या एका शब्दात चार वेगवेगळ्या गोष्टी सामावलेल्या असतात. पहिली ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे यंत्राची स्मृती, पडदा आणि कळा यांच्यावर ताबा ठेवून बाकीच्या सर्व प्रोग्रॅमना त्या वापरू देणारा मूळ प्रोग्रॅम. दुसरी, अ‍ॅप लिहिण्याची भाषा आणि साधने. तिसरी, अ‍ॅप ग्राहकासमोर मांडण्याची जागा, मग ते दुकान असो की फोनवरचा मेनू. आणि चौथी, ग्राहकाकडून पैसे वसूल करून अ‍ॅपनिर्मात्यापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था. तांत्रिक ग्रंथांत पहिल्या दोहोंची चर्चा सविस्तर आढळते, परंतु जपानचा गेल्या चार दशकांचा इतिहास तपासला तर असे दिसते की तेथील अ‍ॅपनिर्मात्यांनी यंत्रापेक्षा गल्ल्याकडे अधिक लक्ष दिले, आणि ते योग्यच होते. या काळात हा गल्ला यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडून दूरध्वनी कंपनीकडे, तिच्याकडून काही काळ समाजमाध्यमांकडे आणि अखेरीस कॅलिफोर्नियातील दोन कंपन्यांकडे गेला. प्रत्येक स्थित्यंतरात जुन्या जागेवर बस्तान बसवलेल्यांना सगळा संसार उचलून हलवावा लागला, आणि ज्यांना तो हलवता आला नाही त्यांचे काम नाहीसे झाले.

पहिले पर्व वैयक्तिक संगणकांचे आहे. एनईसी कंपनीने १९८२च्या ऑक्टोबर महिन्यात पीसी-९८०१ हा संगणक बाजारात आणला आणि पुढील दशकभर जपानमधील निम्म्याहून अधिक बाजारपेठ या मालिकेने व्यापली. त्यामागील मुख्य कारण लिपीचे होते. जपानी लिखाणात कांजी, म्हणजे चिनी परंपरेतून आलेली चित्राक्षरे, सर्रास वापरली जातात. संगणकासाठी ठरवलेल्या जपानी प्रमाण संचात अशी सहा हजारांहून अधिक अक्षरे आहेत आणि त्या काळच्या तोकड्या स्मृतीत त्यांचे आकार साठवून वेगाने पडद्यावर आणणे जवळपास अशक्य होते. एनईसीने हे आकार एका स्वतंत्र चिपमध्ये कायमचे कोरून संगणकात बसवण्याची सोय केली, त्यामुळे कार्यालयीन कामाला लागणारा वेग मिळाला. मराठी वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल, कारण आयआयटी कानपूर येथे जन्मलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने देशभर पोहोचवलेले जिस्ट कार्ड हेही देवनागरीसह भारतीय लिप्यांसाठी संगणकात खोचायचे असेच वेगळे यंत्रांग होते. लिपी जेव्हा यंत्रात कोरली जाते, तेव्हा त्या लिपीत काम करणारे सॉफ्टवेअर त्या यंत्राशी बांधले जाते.

शिकोकू बेटावरील तोकुशिमा या लहान शहरात १९७९मध्ये स्थापन झालेल्या जस्टसिस्टीम कंपनीने हे बंधन ओळखून स्वीकारले. तिने १९८५मध्ये पीसी-९८ मालिकेसाठी इचितारो हा लेखनप्रोग्रॅम काढला. टंकलेखक शब्दाचा उच्चार टाइप करतो आणि त्या उच्चाराच्या अनेक कांजींपैकी संदर्भाला जुळणारी कांजी प्रोग्रॅम सुचवतो, हे रूपांतर करणारा तिचा एटॉक नावाचा भाग इतका सरस होता की जपानी कार्यालयांत संगणकाबरोबर इचितारो घेणे हा रिवाजच पडला. मायक्रोसॉफ्टची विंडोज त्या वेळी जपानी कामासाठी पुरेशी परिपक्व नव्हती, म्हणून १९८९च्या चौथ्या आवृत्तीत जस्टसिस्टीमने जस्टविंडो नावाचे स्वतःचे खिडक्यांचे वातावरणच तयार केले. एखाद्या अ‍ॅपनिर्मात्याने दुसऱ्याच्या जमिनीवर उभे राहून स्वतःचा ओटा बांधावा, असा हा धाडसी प्रयत्न होता.

तो ओटा टिकला नाही, कारण खालची जमीनच बदलली. आयबीएमच्या जपानी शाखेने १९९०मध्ये डॉस/व्ही ही प्रणाली आणली; तिने कांजींचे आकार चिपमधून न घेता सॉफ्टवेअरद्वारे पडद्यावर काढले, त्यामुळे जगात कोठेही बनलेला साधा पीसी जपानी लिहू लागला. कॉम्पॅकने १९९२मध्ये १ लाख २८ हजार येनला संगणक विकायला काढला तेव्हा जपानी कंपन्यांच्या किमती एकाएकी अवाजवी वाटू लागल्या. विंडोज ९५ची जपानी आवृत्ती १९९५च्या २३ नोव्हेंबरला आली आणि यंत्र कोणाचे हा प्रश्न जवळपास संपला. संगणकासोबत आधीच भरून काय येते, हा नवा प्रश्न उभा राहिला. एक्सेलबरोबर वर्डही घ्यावे, अशी गळ मायक्रोसॉफ्टने संगणक बनवणाऱ्या कंपन्यांना घातल्याबद्दल जपानच्या न्याय्य व्यापार आयोगाने, म्हणजे बाजारातील स्पर्धेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, १९९८मध्ये कारवाई केली. तोवर इचितारोची पीछेहाट होऊन गेली होती. निर्णय यायला लागलेला वेळ आणि बाजार फिरायला लागलेला वेळ यांतील हे अंतर पुढेही पुन्हापुन्हा दिसते.

याच काळात जपानने स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम घडवण्याचाही प्रयत्न केला होता. तोक्यो विद्यापीठातील केन साकामुरा यांनी १९८४मध्ये ट्रॉन प्रकल्प सुरू केला. त्यातील वैयक्तिक संगणकांसाठीची बीट्रॉन शाळांत आणण्याचा विचार चालू असताना १९८९मध्ये अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने ट्रॉनचा उल्लेख व्यापारातील अडथळ्यांच्या अहवालात केला. पुढे तो मागे घेतला गेला, पण शाळांची योजना बारगळली. यंत्रांच्या पोटात बसणारी आयट्रॉन ही शाखा मात्र गाड्यांपासून घरगुती उपकरणांपर्यंत पसरली आणि मोबाइल फोनमध्येही शिरली. तिथे ती वर्षानुवर्षे कोट्यवधी लोकांच्या खिशात होती आणि तिचे नाव जवळपास कोणालाच ठाऊक नव्हते, ही गोष्ट पुढील पर्व समजून घेण्यासाठी महत्त्वाची आहे.

ते पर्व १९९९च्या २२ फेब्रुवारीला सुरू झाले. त्या दिवशी एनटीटी डोकोमो या दूरध्वनी कंपनीने आय-मोड ही सेवा सुरू केली. केइची एनोकी यांच्या नेतृत्वाखालील चमूत मासिकांच्या जगातून आलेल्या मारी मात्सुनागा आणि इंटरनेट व्यवसायाचा अनुभव असलेले ताकेशी नात्सुनो होते, आणि या चमूची मोठी देणगी तांत्रिक स्वरूपाची नव्हती. वेगाच्या बाबतीत ती सेवा सेकंदाला ९,६०० बिट इतकीच होती. पाने लिहिण्यासाठी अ‍ॅक्सेस या तोक्योतील कंपनीने मांडलेली एचटीएमएलची आटोपशीर आवृत्ती वापरली गेली, म्हणजे संगणकावरील संकेतस्थळ ज्याला बनवता येत होते त्याला फारसे नवे शिकावे लागले नाही. युरोपातील वॅप या पद्धतीने त्याच सुमारास फोनसाठी अगदी निराळी भाषा शिकण्याची अट घातली होती.

खरी शक्ती बिलात होती. ग्राहक दरमहा ३०० येन मूळ आकार देई, १२८ बाइटच्या प्रत्येक पॅकेटमागे ०.३ येन मोजी, आणि त्यापलीकडे एखाद्या सेवेची वर्गणी घेतली तर ती रक्कमही महिनाअखेर फोनच्याच बिलात येई. अ‍ॅपनिर्मात्याच्या वतीने ही वसुली करण्यासाठी डोकोमो ९ टक्के रक्कम ठेवून घेई. शेतमालाच्या बाजारात अडत्या जसा शेतकऱ्याचा माल आपल्या गाळ्यावर लावतो, गिऱ्हाइकाकडून पैसे घेतो आणि आपली अडत कापून उरलेले शेतकऱ्याच्या हाती ठेवतो, तसेच हे होते. फरक इतकाच की या अडत्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता आणि बँकखाते आधीपासून नोंदलेले होते. बान्दाई या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने दरमहा १०० येनला रोज एक नवे कार्टून चित्र फोनच्या पडद्यावर पाठवण्याची सेवा काढली. या १०० येनांतील ९१ येन तिच्या पदरात पडत, दर महिन्याला, ग्राहकाने काही न करता. इतकी लहान रक्कम इतक्या माणसांकडून कार्डाच्या क्रमांकाशिवाय गोळा करण्याची दुसरी कोणतीही सोय तेव्हा नव्हती. आरंभी ६७ कंपन्या आय-मोडच्या मेनूवर होत्या. २०००च्या ऑगस्टपर्यंत ग्राहकांची संख्या १ कोटीवर गेली.

मेनूवर येण्यासाठी डोकोमोची मंजुरी लागे आणि ती मिळवणे सोपे नव्हते. परंतु आय-मोडची दुसरी बाजू उघडी होती. पत्ता टाइप करून कोणतेही पान उघडता येत असे आणि मंजुरीविना चालणाऱ्या अशा पानांना जपानीत कात्ते साइट, म्हणजे आपल्या मर्जीने उभी केलेली साइट, असे नाव पडले. हौशी विद्यार्थी, छोटे दुकानदार आणि नवशिके प्रोग्रॅमर या मोकळ्या मैदानावर तयार झाले. त्यांना फोनच्या बिलातून वसुली करता येत नसे, म्हणजे रस्ता मोकळा होता, गल्ला मात्र बंद होता.

पुढची पायरी २००१च्या जानेवारीत आली. ५०३आय मालिकेच्या फोनवर आय-अप्ली, म्हणजे फोनमध्येच उतरवून चालवता येणारे जावा भाषेतील प्रोग्रॅम, सुरू झाले. त्यांच्या आकाराची मर्यादा १० किलोबाइट होती. ही मर्यादा किती आवळलेली आहे हे कळण्यासाठी असा हिशोब करता येतो: आजच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते, तेव्हा १० किलोबाइटमध्ये साधारण ३,४०० चिन्हे, म्हणजे छापील पुस्तकाची जेमतेम दोन पाने मावतील. एवढ्या जागेत खेळाचे नियम, चित्रे आणि आवाज बसवायचे होते. जावात प्रोग्रॅम नीटनेटक्या वर्गांत विभागून लिहावा असे शिकवले जाते, पण प्रत्येक वर्गाची फाइल स्वतःची काही जागा खाते, म्हणून आय-अप्ली लिहिणारे सारे काही एकाच वर्गात कोंबत आणि चलांची नावे एकेका अक्षरावर आणून ठेवत. वाचायला अवघड आणि शिस्तीच्या दृष्टीने चुकीचे असे हे लिखाण त्या मर्यादेत मात्र अचूक होते, आणि त्या कारागिरीला योग्य तो मान क्वचितच मिळाला आहे. मर्यादा पुढील वर्षी ३० किलोबाइट झाली, २००४मध्ये ९००आय मालिकेवर १०० किलोबाइट, आणि दरवेळी जुन्या व नव्या फोनसाठी दोन वेगळ्या आवृत्त्या सांभाळाव्या लागत.

त्यातच दूरध्वनी कंपन्या तीन होत्या आणि तिघींची तऱ्हा तीन. डोकोमोची जावा तिच्या स्वतःच्या दोजा या प्रकारात होती. जे-फोनने आंतरराष्ट्रीय प्रमाण प्रकार घेतला आणि त्यात स्वतःची भर घातली. केडीडीआयने आधी जावा घेतली आणि २००३मध्ये क्वालकॉमच्या ब्रू पद्धतीकडे मोर्चा वळवला. ब्रूवरील अ‍ॅप सी किंवा सी++ भाषेत लिहावे लागे आणि केडीडीआयच्या तपासणीतून पार पडल्याशिवाय ग्राहकाच्या फोनवर जात नसे, त्यामुळे हौशी लोकांना तेथे वावच उरला नाही. जे-फोन २००३मध्ये व्होडाफोन झाली आणि २००६मध्ये सॉफ्टबँकेने ती विकत घेतली. नाव बदलले की कागदपत्रे, साधने आणि नियमही बदलत. फोनवरील इमोजी, ज्यांचा १७६ चित्रांचा डोकोमोचा संच शिगेताका कुरिता यांनी रेखाटला होता, त्यांचे क्रमांकही प्रत्येक कंपनीचे निराळे होते. एका कंपनीच्या फोनवरून धाडलेले हसरे तोंड दुसरीच्या फोनवर बराच काळ दोन जाड आडव्या रेघांचे चिन्ह म्हणून उमटे. छापखान्यात नसलेल्या खिळ्याच्या जागी उमटणाऱ्या या चिन्हाला जपानीत गेता, म्हणजे लाकडी खडाव, म्हणतात, कारण त्याचा आकार खडावेच्या ठशासारखा असतो.

तरीही अ‍ॅपनिर्माते डोकोमोला धरून राहिले. याचे कारण तांत्रिक गुणवत्तेत शोधल्यास हाती काही लागणार नाही. फोनच्या आतील ऑपरेटिंग सिस्टीम या काळात आमूलाग्र बदलली: आयट्रॉन मागे पडली, फुजित्सू आणि शार्प यांच्या तिसऱ्या पिढीच्या फोनमध्ये सिंबियन आली, एनईसी आणि पॅनासोनिक यांच्या फोनमध्ये लिनक्स आली. बाहेरच्या अ‍ॅपनिर्मात्याला या दोन्ही प्रणालींच्या आत हात घालता येत नव्हता. त्याला वरचा दोजाचा थर तेवढा दिसे आणि तो थर दोहोंवर सारखाच ठेवण्याची काळजी डोकोमोने घेतली. युरोपात सिंबियनसाठी थेट अ‍ॅप लिहिणारा एक वर्ग उभा राहत असताना जपानमध्ये त्याच सिंबियनचे कोट्यवधी फोन विकले गेले आणि तेथील अ‍ॅपनिर्मात्यांच्या लेखी ती जणू अस्तित्वातच नव्हती. आय-मोडच्या ब्राउझरने मोठी झालेली अ‍ॅक्सेस कंपनी या पडद्याआडच्या जागेतून बाहेर पडू पाहत होती. तिने २००५मध्ये अमेरिकेची पामसोर्स विकत घेऊन लिनक्सवर आधारलेली स्वतःची प्रणाली आणण्याचा घाट घातला. प्रणाली तयार झाली, पण तिच्यासाठी गल्ला उघडून देणारी दूरध्वनी कंपनी मिळेपर्यंत बाजार दुसरीकडे निघून गेला.

आयफोन ३जी जपानमध्ये सॉफ्टबँकेमार्फत २००८च्या ११ जुलैला आला. त्यावर दूरचित्रवाणी दिसत नव्हती, फोन टेकवून पैसे देता येत नव्हते, इमोजीसुद्धा नव्हते. इमोजी नोव्हेंबरमधील अद्ययावत आवृत्तीत खास सॉफ्टबँकेच्या ग्राहकांसाठी आणावे लागले. अ‍ॅपनिर्मात्याच्या दृष्टीने गणित आणखी प्रतिकूल होते. अ‍ॅप स्टोअरवरील सर्वांत स्वस्त अ‍ॅप जपानमध्ये ११५ येनला विकले जाई, अ‍ॅपल त्यातील ३० टक्के ठेवून घेई, आणि उरलेले सुमारे ८० येन एकदाच मिळत. आय-मोडवरचे ९१ येन दरमहा येत होते. प्रोग्रॅम ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत नव्याने लिहावा लागे, त्यासाठी मॅक संगणक घ्यावा लागे. ज्यांनी या हिशोबामुळे वाट पाहायचे ठरवले त्यांना पुढे गॅलापागोस बेटांवरील प्राण्यांची उपमा दिली गेली. उरलेल्या जगापासून तुटून आपापल्या परीने उत्क्रांत झालेल्या जपानी फोनला गाराकेइ हे नाव त्यातूनच पडले. ही उपमा अन्यायाची आहे. दर महिन्याची खात्रीची मिळकत सोडून एकदाच मिळणाऱ्या ८० येनांमागे धावण्याचा सल्ला २००८मध्ये कोणत्याही जबाबदार हिशोबनिसाने दिला नसता. तराजू झुकला तो २००९मध्ये, जेव्हा अ‍ॅपच्या आत वस्तू विकण्याची सोय अ‍ॅपलने दिली आणि ऑक्टोबरपासून मोफत अ‍ॅपमध्येही ती लागू केली. मंजुरीसाठी रांग येथेही होती, पण कोणत्याही घरातून, कोणत्याही गावातून ती लावता येत होती. कात्ते साइट चालवणाऱ्यांपुढे प्रथमच गल्ला उघडला.

स्मार्टफोनकडे सारे एकदम वळले नाहीत, कारण मध्ये एक वेगळाच मुक्काम लागला. डीईएनएची मोबागे आणि ग्री या फोनवरील समाजमाध्यमांनी २०१०मध्ये इतर कंपन्यांच्या खेळांना आपल्या आवारात जागा दिली. हे खेळ ब्राउझरमध्ये चालत, त्यामुळे खाली कोणता फोन आहे याने फारसे बिघडत नसे. पैसे या माध्यमांच्या स्वतःच्या नाण्यांत दिले जात. येथे प्लॅटफॉर्मचा ऑपरेटिंग सिस्टीमशी काही संबंधच उरला नव्हता, उरली होती माणसांची गर्दी आणि गल्ला. आणि म्हणूनच भांडण उघड झाले. ग्रीवर खेळ देणाऱ्या कंपन्यांचे खेळ मोबागेच्या पानांवरून दिसू न देण्याचा दबाव डीईएनएने आणल्याचे न्याय्य व्यापार आयोगाला आढळले आणि २०११च्या जूनमध्ये आयोगाने ते थांबवण्याचा आदेश काढला. खेळ तोच, ग्राहक तोच, यंत्र तेच. एका फळीवर माल ठेवला म्हणून दुसऱ्या फळीवरून काढला जाईल, एवढीच धमकी. निवड ही अ‍ॅपनिर्मात्याची असते असे म्हणणे किती अपुरे आहे, हे या प्रकरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

या दोन्ही माध्यमांनी परदेशात मोठ्या खरेद्याही केल्या. डीईएनएने २०१०मध्ये एनजीमोको आणि ग्रीने २०११मध्ये ओपनफेइंट घेतली. पण २०१२च्या २० फेब्रुवारीला गंगहो कंपनीचा पझल अँड ड्रॅगन्स हा खेळ थेट आयफोनवर आला. रंगीत गोळे बोटाने सरकवत ओळी जुळवायच्या, असा हा खेळ. बोटाखाली गोळा क्षणाचाही विलंब न लागता सरकला पाहिजे, आणि ते त्या काळी ब्राउझरमधून साधत नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात ग्राहक व्यवहार विभागाने कॉम्प्लीट गाचा, म्हणजे चिठ्ठ्या उचलून संच पूर्ण केला तरच बक्षीस देण्याची पद्धत, कायद्यात बसत नसल्याचे सांगितले आणि ब्राउझर खेळांच्या मिळकतीला धक्का बसला. पझल अँड ड्रॅगन्स सप्टेंबरमध्ये अँड्रॉइडवर गेला, आणि २०१३च्या मे महिन्यात गंगहोचे बाजारमूल्य काही काळ निन्टेन्डोपेक्षाही वर होते. मिक्सी हे एकेकाळचे आघाडीचे समाजमाध्यम, ज्याने स्वतः २००९मध्ये इतरांच्या अ‍ॅपसाठी दारे उघडली होती, ते २०१३च्या ऑक्टोबरमध्ये मॉन्स्टर स्ट्राइक हा खेळ घेऊन अ‍ॅपल आणि गूगलच्या दारात भाडेकरू म्हणून उभे राहिले आणि त्यातून सावरले.

गल्ला गमावलेल्या दूरध्वनी कंपन्यांनी तो परत मिळवण्याची धडपड केली. फुजित्सू तोशिबाने २०११च्या ऑगस्टमध्ये केडीडीआयसाठी विंडोज फोनच्या मँगो आवृत्तीचा जगातील पहिला फोन आणला. डोकोमोने सॅमसंग आणि इंटेल यांच्यासह टायझेन ही प्रणाली उभी करण्यात पुढाकार घेतला, परंतु २०१४च्या जानेवारीत तिचा फोन बाजारात आणणे लांबणीवर टाकले आणि तो पुढे आलाच नाही. केडीडीआयने २०१४च्या नाताळात फायरफॉक्स ओएसवरील एफएक्स०, तोकुजिन योशिओका यांनी रेखाटलेला पारदर्शक फोन, विकायला काढला. वर्षभरातच फायरफॉक्स ओएस घडवणाऱ्या मोझिलाने फोनसाठीचे काम आवरते घेतले. या प्रणाली तांत्रिकदृष्ट्या वाईट नव्हत्या. पण डोकोमोनेही २०१३च्या सप्टेंबरपासून आयफोन विकायला घेतल्यावर तिन्ही कंपन्यांच्या ग्राहकांचे पैसे कोठे वसूल होणार हे ठरून गेले होते, आणि तिसऱ्या प्लॅटफॉर्मसाठी वेगळे मनुष्यबळ लावणे छोट्या कंपनीला आतबट्ट्याचे होते. जगाच्या बहुतेक भागांत अँड्रॉइडचे प्राबल्य असताना जपानमध्ये आयफोनचा वाटा निम्म्याच्या आसपास राहिला, त्यामुळे तेथील अ‍ॅपनिर्मात्याला दोहोंपैकी एक सोडून देण्याची मुभाही नसते. निन्टेन्डोसारख्या कंपनीला सुपर मारिओ रन २०१६च्या डिसेंबरमध्ये आधी आयफोनवर आणि तीन महिन्यांनी अँड्रॉइडवर आणणे परवडते. इतरांनी दोन्हीकडे एकदम जाण्यासाठी युनिटीसारखे मधले इंजिन, म्हणजे एकदा लिहिलेला खेळ अनेक प्रणालींवर चालवणारे साधन, स्वीकारले. त्याने यंत्राचे बंधन सुटते, पण मालक एक वाढतो: युनिटीने २०२३च्या सप्टेंबरमध्ये प्रत्येक स्थापनेमागे आकार लावण्याचे जाहीर केले, तेव्हा अर्धवट झालेले खेळ हाती असलेल्या जगभरच्या छोट्या चमूंची झोप उडाली. वर्षभराने तो निर्णय मागे घेतला गेला.

दोन कंपन्यांच्या हाती एकवटलेल्या गल्ल्याकडे जपान सरकारने मग कायद्याने पाहायला सुरुवात केली. आयोगाच्या चौकशीनंतर २०२१च्या सप्टेंबरमध्ये अ‍ॅपलने पुस्तके, संगीत वा चित्रफिती दाखवणाऱ्या अ‍ॅपना स्वतःच्या संकेतस्थळाचा एक दुवा देण्याची परवानगी जगभर देण्याचे मान्य केले. त्यापुढचे पाऊल म्हणजे २०२४च्या जूनमध्ये संमत झालेला स्मार्टफोन सॉफ्टवेअरमधील स्पर्धेविषयीचा कायदा. ज्यांचे जपानमधील मासिक वापरकर्ते ४ कोटी किंवा त्याहून अधिक आहेत अशा ऑपरेटिंग सिस्टीम, अ‍ॅपची दुकाने, ब्राउझर आणि शोधयंत्रे त्याच्या कक्षेत येतात. दुसऱ्या दुकानाला किंवा दुसऱ्या वसुलीव्यवस्थेला अडवण्यास मनाई आहे, आणि मोडल्यास संबंधित विक्रीच्या २० टक्के दंड आहे. २०२५च्या मार्चमध्ये अ‍ॅपल, तिची जपानमधील उपकंपनी आणि गूगल यांची नावे निश्चित झाली आणि १८ डिसेंबरपासून कायदा पूर्णपणे लागू झाला. अ‍ॅपलने इतर दुकानांना वाट दिली, मात्र त्यांतून होणाऱ्या विक्रीवरही आपला काही वाटा राखून ठेवला. वसुलीचा मार्ग प्लॅटफॉर्मपासून सुटा करता येतो, हे तत्त्व जपानच्या कायद्याने प्रथमच मान्य केले आहे आणि त्याचे मोल मोठे आहे. मात्र प्रत्येक नवे दुकान स्वतःचे नियम, स्वतःची तपासणी आणि परताव्याची स्वतःची पद्धत घेऊन येणार, आणि तीन दूरध्वनी कंपन्यांच्या काळात तीन आवृत्त्या सांभाळलेल्या पिढीला त्या कामाचे ओझे किती असते हे नेमके ठाऊक आहे.

त्या पिढीच्या कामाचे काय झाले, हा प्रश्न अ‍ॅपच्या चर्चेत फारसा विचारला जात नाही. डोकोमोने आय-मोड आणि तिला वाहणारे तिसऱ्या पिढीचे जाळे २०२६च्या ३१ मार्चला बंद करण्याचे २०१९मध्येच जाहीर केले होते. जी-मोड या कंपनीने २०२०पासून आपले जुने आय-अप्ली खेळ निन्टेन्डो स्विचवर पुन्हा उपलब्ध करून देण्याचे काम हाती घेतले, त्यामुळे काही खेळ वाचले. स्क्वेअर एनिक्सचा बिफोर क्रायसिस, फायनल फँटसी मालिकेतील सातव्या खेळाची पूर्वकथा सांगणारा, २००४च्या सप्टेंबरमध्ये ९००आय मालिकेसाठी निघालेला खेळ, सर्व्हरवर अवलंबून होता; २०१८च्या मार्चमध्ये सेवा थांबली आणि तो त्याच्या मूळ रूपात कोठेही खेळता येईनासा झाला. ज्या खेळांना सर्व्हर लागत नाही ते जपानमधील घरोघरच्या कपाटांत, मिटवून ठेवलेल्या घडीच्या फोनमध्ये आजही आहेत. पण तिसऱ्या पिढीच्या फोनमध्ये उतरवलेले आय-अप्ली ज्या सिमकार्डावर घेतले त्याच कार्डाला जखडलेले असतात; बॅटरी भरली, पडदा उजळला, यादीत खेळाचे नाव दिसले, तरी ते जुने कार्ड फोनमध्ये नसेल तर खेळ उघडत नाही.